एजंटाचे मुखत्यारपत्र

युनिक्स आणि लिनक्स प्रणालींवर फाइल नष्ट करणारी 'आरएम' ही कमांड आपले काम यथास्थित उरकल्यावर पडद्यावर एक अक्षरही उमटवीत नाही. फाइल कोणत्याही टोपलीत जाऊन पडत नाही, फोल्डरातील तिच्या नावाची नोंद तेवढी नाहीशी होते, आणि त्या मजकुराला धरून असलेली शेवटची नोंद गेली व कोणत्याही चालू प्रोग्रॅमने तो उघडलेला नसला, म्हणजे त्याची जागा नव्या मजकुरासाठी मोकळी होते. हे मौन जाणत्या मनुष्यास पुरते, कारण आपण काय केले हे त्याला ठाऊक असते. परंतु पुण्यातील आमच्या कचेरीत, दस्तऐवजांची व्यवस्था राखणाऱ्या एआय एजंटाच्या हाती हीच क्रिया सोपविण्याची तजवीज सुरू झाली आणि तिचे वर्णन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हा वाचक निराळा आहे हे मला प्रथम ध्यानात घ्यावे लागले. साधनाची अंतर्रचना त्याला दिसत नाही. साधनाचे नाव, त्याखालचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावयाची त्याची यादी, एवढेच त्याच्यापुढे असते. मुखत्यारपत्रात जे संदिग्ध राहिले, त्याचा अर्थ मुखत्यार आपल्या बुद्धीप्रमाणे लावणारच.

पूर्वीच्या मसुद्यात एकच वाक्य होते: 'दिलेल्या मार्गावरील फाइल डिलीट करते.' मार्ग फोल्डरचा असला तर काय, सिम्बॉलिक लिंक दिली तर लिंक जाते की तिच्या पलीकडची फाइल, गेलेले परत मिळते की नाही, यांपैकी कशाचाही त्यात खुलासा नव्हता. चाचणीसाठी मुद्दाम उभारलेल्या दप्तरात एजंटाला एका अहवालाची जादा प्रत काढून टाकण्यास सांगितले. प्रत गेली, पण तसा जबाब पोहोचण्यापूर्वीच जोडणी तुटली. एजंटाने तोच हुकूम पुन्हा बजावला, 'फाइल सापडली नाही' असे उत्तर आले, आणि सांगितलेले काम अपुरे राहिले अशा समजुतीने तो त्याच नावाची फाइल इतरत्र शोधीत संग्रहातील मूळ अहवालापर्यंत जाऊन पोहोचला. तेथे आम्ही चाचणी थांबविली. एजंटाला मी दोष देत नाही. त्याला अडवील असे एक अक्षरही त्याच्यापुढील मजकुरात नव्हते.

नव्या वर्णनाचा आरंभ मी परिणामापासून केला: 'ही क्रिया कायमची आहे, डिलीट झालेली फाइल तुझ्याजवळच्या कोणत्याही साधनाने परत आणता येणार नाही.' त्यानंतर, एका वेळी एकच फाइल घेतली जाते, फोल्डर दिल्यास नकार मिळतो, लिंक दिल्यास केवळ लिंक जाते, हे क्रमाने आले. आणि ज्या वाक्यावर मी सर्वांत अधिक वेळ घालविला ते असे: 'फाइल सापडली नाही असे उत्तर आल्यास ती आधीच गेलेली असू शकते. त्याच नावाची दुसरी फाइल शोधू नये, काम सांगणाऱ्यास विचारावे.' कोणत्या मार्गावरील, किती आकाराची फाइल गेली याचा जबाब साधनाने दरवेळी द्यावा, हा माझा आग्रहही अभियंत्यांनी मान्य केला.

एआयला बाहेरची साधने जोडून देण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन विध्वंसक आहे काय, आणि तीच क्रिया पुन्हा केल्यास अधिक परिणाम होतो काय, हे नोंदविण्याची सोय पुढे झाली. तथापि या खुणा केवळ सूचनावजा आहेत, आणि अविश्वासू ठिकाणाहून आलेल्या साधनावरील अशा खुणांवर भिस्त ठेवू नये, असे त्या प्रोटोकॉलमध्येच म्हटले आहे. म्हणूनच काही सहकाऱ्यांचे मत असे पडले की, एजंटाला ठरावीक फोल्डरापलीकडे जाण्याची परवानगीच नसली म्हणजे वर्णनाची एवढी चिकित्सा अनावश्यक आहे. मला ते पटत नाही. परवानगीचे कुलूप हवेच. परंतु मुभा दिलेल्या फोल्डरातील कोणती फाइल निरुपयोगी आणि कोणती जपावयाची, हे कुलपाला कळत नाही, आणि तेथे शब्दांवाचून दुसरा पहारा नाही.

ज्यांच्याकडे असे लेखन येईल त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, साधन घडविणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. चाचणीच्या फोल्डरात फाइल, फोल्डर, लिंक आणि अस्तित्वात नसलेले नाव असे प्रत्येक प्रकरण स्वतः चालवून पाहावे, आणि डोळ्यांनी जे पाहिले तेच लिहावे.