दसरा काढायचा

आमच्या भागात घर आवरत नाहीत, दसरा काढतात. पितृपंधरवडा लागला की शिरूर काय न् दौंड काय, गावोगाव दारापुढं वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात. घट बसायच्या आत घरातलं फडकं न् फडकं धुऊन निघालं पाहिजे, भांडं न् भांडं घासून फळीवर गेलं पाहिजे, असा बायकांचा नेम. पूर्वी गोधड्या बैलगाडीत घालून भीमेवर न्यायच्या. आमचं गाव नदीच्या अलीकडं, म्हणजे शिरूर तालुक्यात. पलीकडं दौंड, आईचं माहेर. दोन्ही काठांवर एकाच वेळी धुणी चालायची. नुसत्या गोधडी आपटायच्या आवाजावरून आपल्याला माहेरच्या बायका ओळखू यायच्या, असं आई सांगते. मी ते निम्मं खरं धरतो. आता नदीला पुण्याचं सांडपाणी आणि वर जलपर्णी. गोधड्या विहिरीवर, मोटरच्या पाण्यात धुतात.

पण दसरा काढणं म्हणजे वस्तू बाहेर काढायची, धुवायची आणि होती तिथं परत ठेवायची. टाकायची असं त्यात कुठंच नाही. त्यामुळं घर दरवर्षी स्वच्छ होत गेलं आणि दरवर्षी भरतही गेलं.

आमचं घर माळवदाचं, पाच खणांचं. पडवीचा एक कोपरा बघितला तरी तीन पिढ्यांनी पाणी कसं काढलं ते कळतं. तळाला मोटेचं लाकडी चाक आणि कडक झालेला नाडा, आजोबांच्या वेळचा. त्यावर ऑइल इंजिनचा पट्टा. त्यावर दोन जळालेल्या मोटरी, "तांबं निघंल" म्हणून ठेवलेल्या. आणि सगळ्यांत वर ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी, भोकं बुजलेली. आत माजघरात युरियाच्या रिकाम्या गोण्या, कांद्याचं बारदान, फवारणीचा गळका पंप, आणि उतरंडीशेजारी पायली, शेर, मापटं, चिपटं. मेट्रिकचा कायदा १९५६ सालचा. आमच्या घरात तो अजून पोचायचाय. आई शेजारणीला बाजरी चिपट्यानंच देते.

तिला नावं ठेवणं सोपं आहे. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा-अठरा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. त्या साली तिच्या आईनं तांब्याचा हंडा दौंडच्या बाजारात मोडीत घातला. पैसे पंधरा दिवसांत संपले आणि हंडा परत कधीच झाला नाही. "वस्तू जाती ती जाती," एवढंच ती म्हणते. अशा बाईला रिकामी गोणी टाकून दे म्हणायचं तर जरा विचार करूनच म्हणावं लागतं.

गेल्या श्रावणात ती पहाटे उठली, अंधारात बाथरूमकडं निघाली आणि त्याच ठिबकच्या वेटोळ्यात पाय अडकून पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. गौरी-गणपती उरकल्यावर मी, बायको आणि मुलगी हडपसरहून गावी गेलो, आणि दादा, वहिनी, आम्ही सगळे ओट्यावर बसलो. यंदाचा दसरा ठरवून काढायचा होता.

मुलगी वहीचं पान घेऊन बसली. तिनं मारी कोंडो या जपानी बाईचे व्हिडिओ बघितलेले. एका जातीच्या सगळ्या वस्तू एका जागी आणायच्या, एकेक हातात घ्यायची आणि बघायचं, आनंद होतोय का. होत असेल तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"इळा हातात घेऊन आनंद व्हायला तो काय पेढा हाय व्हय? पर आभार मानती ते चांगलं करती बाई."

मग तिनं स्वतःचे ढीग सांगितले. एक, लागंल ते. दोन, कुणी मागाय येईल ते. तीन, मेलेल्याचं. टाकायचा ढीग त्यात नव्हता. मुलीनं तरी तसंच लिहून घेतलं.

खरी गाठ पुढं होती. दादाच्या मनात माळवद उतरवून स्लॅब टाकायचंय. धाब्याची माती दर पावसाळ्यात गळते, वाळवी तुळयांना लागलीय. त्याचंही खोटं नाही. तो बोलला, "सगळंच एकदा भंगारात घालू, म्हंजी पुढच्या कामाला बरं." आई थोडा वेळ प्लास्टरच्या हाताकडं बघत राहिली.

"आधी पसारा काढायचा, मग भिती काढायच्या, मग मला हडपसरला काढायचं. कळतं मला."

कुणीच काही बोललं नाही. मुलीनं पेन खाली ठेवलं.

तोडगा वहिनीनं काढला. त्या घरात रोज राहणारी, झाडणारी, आईला रात्री दोनदा उठवून नेणारी तीच. तिचं मत विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "आत्याबाई, घर ऱ्हाऊ द्या. तुमच्या बाजंपास्नं मोरीपत्तोर वाट मोकळी करू. त्या वाटंवरचं तेवढं काढायचं. बाकी तुमचं तुम्ही बघा."

यादी एकदम लहान झाली. बाजेपासून बाथरूमपर्यंत मी पावलं मोजली, एकोणीस. त्या एकोणीस पावलांत ठिबक, मोटरी, पंप, बारदानाचा गठ्ठा आणि एक मोडकी खुर्ची. गोण्या कांदा निघाल्यावर लागणार होत्या, त्या चाळीत गेल्या. मोटेचं चाक आईनं स्वतः दाखवून कणगीमागं ठेवून घेतलं. भंगारवाला कधी बोलवायचा याचाही नियम निघाला: शुक्रवारी नको, सर्वपित्री अमावास्येला तर नकोच, घरातलं काही बाहेर जात नाही. तो शनिवारी आला. मोटरींचं तांबं वेगळं तोललं, नळ्यांचं प्लॅस्टिक वेगळं. आई ओट्यावरून काट्यावर नजर ठेवून होती आणि तिनं त्याला दोनदा परत तोलायला लावलं. आलेल्या पैशात पडवीला दोन दिवे आणि भिंतीला धरायला लोखंडी नळी बसली.

स्लॅबचं अजून ठरलेलं नाही. दादा आणि मी त्यावर फोनवर बोलतो, आईसमोर नाही.

तिसऱ्या ढिगाला त्या वर्षी हात लागला नाही. तो माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. वडिलांचं धोतर, चष्मा, हातानं लिहिलेले सातबारे, उसाच्या वजनाच्या पावत्या, आणि दौंड जंक्शनला गँगमन असलेल्या मामाचा लाल-हिरव्या काचेचा हातदिवा. सातबारा आता मोबाईलवर निघतो, हे मी आईला सांगून पाहिलं. "त्येच्यावर त्यांचा अंगठा हाय का?" तिनं विचारलं. किल्ली तिच्या कनवटीला असते. यंदाची यादी वहिनीनं केली, आणि ट्रंकेचं नाव तिनं त्यात घातलेलं नाही.