मीडियम वेव्हवरचं धारवाड

तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला मिरजेत थांबलो होतो. भोपळ्यांच्या राशीत बसलेले वयस्कर कारागीर काम करता करता म्हणाले, "धारवाडला रेडिओ आला नसता तर तिकडचे निम्मे गवई मुंबईला गेले असते." वाक्य डोक्यातून जाईना. तंबोरा त्यांच्याकडेच ठेवला आणि दुसऱ्या सकाळी हुबळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो.

बेळगाव मागे पडलं, लोंढ्याचं रान सरलं, अळणावर आलं. पाऊस सोबत होताच. धारवाडात उतरलो ते लॉज मात्र वैताग आणणारं निघालं. खिडकीचं दार लागत नव्हतं आणि खालच्या कार्यालयात मध्यरात्र उलटेपर्यंत लग्नाचा डीजे दणदणत होता. संगीताच्या ओढीने आलेल्या माणसाला ती रात्र फार लांबली. सकाळी लाइन बाजारात पेढे घेतले, कवी बेंद्र्यांच्या साधनकेरीवरून रिक्षा नेली आणि उरलेली प्रेक्षणीय स्थळं सोडून दिली. मला आकाशवाणीचं धारवाड पाहायचं होतं.

हे केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं. देश प्रजासत्ताक व्हायला १८ दिवस बाकी होते आणि धारवाड तेव्हा मुंबई राज्यात होतं. 'आकाशवाणी' हे नावही कर्नाटकातलंच. म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९३५ साली स्वतःच्या घरात रेडिओ केंद्र चालू केलं, त्याचं हे नाव. मुंबई राज्यातल्या कानडी मुलखाला धारवाड केंद्रामुळे स्वतःचा आवाज मिळाला. १९५६ च्या नोव्हेंबरात हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी द. रा. बेंद्रे सोलापूरची प्राध्यापकी संपवून या केंद्राचे सल्लागार झाले. घरात मराठी, काव्य कानडी आणि कामावर रेडिओ!

पण मी आलो होतो मल्लिकार्जुन मन्सूरांसाठी. धारवाडजवळच्या मन्सूर गावात १९१० साली जन्मलेला हा गवई आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकला. मग मुंबईत अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांचा शागीर्द झाला. १९३७ मध्ये मंजीखाँ गेले, तेव्हा तालीम त्यांचे धाकटे बंधू भुर्जीखाँ यांच्याकडे पुढे चालू राहिली. पद्मश्री मिळायला १९७० साल उजाडलं, म्हणजे वयाची साठी जवळ आली. तोवरच्या काळात ज्या थोड्या जागा अशा गवयाला धरून होत्या, त्यांत धारवाड केंद्र होतं. तिथे ते संगीत सल्लागार झाले. ठरलेलं मानधन, ठरलेल्या वेळा आणि गाव सोडायची गरज नाही. मैफलीला येणाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागत नसल्यामुळे खट, शिवमत भैरव, लच्छासाख असे फारसे न गायले जाणारे रागही श्रोत्यांपुढे मांडता येत. मध्ये जाहिराती नव्हत्या. सरकारी रेडिओवर त्या आल्या १९६७ मध्ये, तेही विविध भारतीवर.

इथे एका इतिहासकाराशी मला भांडायचं आहे. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड लेलिवेल्ड यांनी १९९४ मध्ये आकाशवाणीच्या संगीत-कारभारावर निबंध लिहिला. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खातं सांभाळणारे, मूळचे पुण्याचे बा. वि. केसकर त्यात केंद्रस्थानी आहेत. केसकरांनी ऑडिशन लावल्या, चित्रपटगीतं हद्दपार केली. मुसलमान उस्तादांच्या हाती संगीताची हानी झाली, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलं. दिल्लीतून संगीताला सरकारी शिस्त लावण्याचा हा खटाटोप होता, असं लेलिवेल्ड दाखवतात. दिल्लीपुरतं ते मला पटतं. केसकरांच्या त्या मताचा मला रागही येतो.

पण धारवाडात काय झालं? मंत्र्याच्या त्याच रेडिओवरून एक लिंगायत गवई आपल्या मुसलमान उस्तादांची तालीम मुलखाच्या घराघरांत पोचवत होता. भुर्जीखाँ १९५० मध्येच वारले, केंद्र सुरू झालं त्याच वर्षी. पुढे याच केंद्रावर सतारीये बालेखाँ नोकरीला होते. त्यांचे आजोबा रहिमतखाँ सतार घेऊन धारवाडात स्थायिक झाले होते. दिल्लीचा हुकूम स्टुडिओत पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे स्टुडिओतली माणसं ठरवतात. लेलिवेल्ड धारवाडला येऊन बसले असते तर त्यांच्या निबंधाला आणखी एक प्रकरण जोडावं लागलं असतं.

पेटीचा हुकूम मात्र इथेही चालला. १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती जवळजवळ तीन दशकं टिकली. आमच्याकडे मैफल म्हणजे पेटी आलीच. तिला दारात थोपवण्याचा हट्ट मला कधी पटला नाही. तरीही पेटीविना, सारंगीच्या साथीने उमटलेला गळा ऐकताना श्रुतींची वळणं जास्त उघडी होतात, हे कबूल करायला हवं.

दुपारी 'मृत्युंजय'वर गेलो. मन्सूरांचं हे घर आता स्मारक आहे. तंबोरे, छायाचित्रं, मानपत्रं असं सगळं नीट मांडलेलं. सोबतचा वाटाड्या प्रत्येक मानपत्रावरची तारीख वाचून दाखवत होता आणि तंबोऱ्यापाशी मला दोन मिनिटंही उभं राहू देत नव्हता. शेवटी मी एकटाच ओसरीवर येऊन बसलो. रेडिओच्या त्या पहिल्या वर्षांत गाणं बहुतेक थेट जाई आणि ध्वनिफिती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जात. सकाळी शुद्ध नट झाला, हवेत विरला आणि ज्याने ऐकला त्याच्याकडेच राहिला, असं किती वेळा घडलं असेल! आज बंगळूरहून 'रागम' वाहिनी २४ तास शास्त्रीय संगीत लावते. फोनवरही ऐकू येते आणि मी ती आवडीने ऐकतो. तरी पुसल्या गेलेल्या त्या सकाळी कुठेच सापडत नाहीत, आणि त्यांची हळहळ मला ओसरीवरून उठू देईना.

बदामीचं आरक्षण होतं, ते रद्द केलं. हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगल आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकत. कुंदगोळ हुबळीच्या पुढे, फार लांब नाही. रिक्षावाल्याला स्टेशनवर घ्यायला सांगितलं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरचं तिकीट काढलं.