पेठेचा संघ विकत मिळत नाही

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ यंदा वरिष्ठ गटातून खाली गेला. मी त्याच संघातून खेळलो. पेठेतल्या जुन्या लोकांना माझं आडनाव आठवत नाही, पण मी लेफ्ट बॅक होतो हे आठवतं. त्यामुळे निकाल लागल्यापासून जो भेटेल तो विचारतोय, "काय झालं हो आपल्या टीमला?" चौकात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरानं त्याचंही समाधान होत नाही आणि माझंही. म्हणून सविस्तर लिहितोय. तालमीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे आमचं झालं ते थोड्याफार फरकानं आणखी काही संघांचं होऊ घातलंय.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी आधी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉल तालमींनी वाढवला. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून इथल्या पेठा कुस्तीनं भारलेल्या. फुटबॉल आला, छत्रपती घराण्यानं त्यालाही आश्रय दिला, आणि हौद्यातली पोरं लाल माती झटकून मैदानात उतरली. म्हणून आजही संघांची नावं पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या केएसएची, लीग सुरू झाली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. वरिष्ठ गटात सोळा संघ. लीग संपली की वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा. वर्ल्ड कप आला की अर्धं शहर ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं होतं, चौकाचौकात खेळाडूंचे कटआउट उभे राहतात. अशा गावात आपल्या तालमीचा संघ खाली जाणं म्हणजे काय, हे पेठेत राहणाऱ्यालाच कळतं. त्या संध्याकाळी तालमीसमोरच्या कट्ट्यावर बसायला कुणी आलं नाही.

मी शाळकरी असताना आमच्या संघात येण्याची एकच वाट होती. मोठी मुलं सरावाला जायची, त्यांच्या मागं आम्ही जायचो. गोलच्या पाठीमागं उभं राहून लांब गेलेले बॉल आणून द्यायचे, पाणी भरायचं, आणि सराव संपला की उरलेल्या उजेडात मोठ्यांच्या बॉलनं खेळायचं. कुणी शिकवतंय असं वाटायचंच नाही, पण शिकणं चाललेलं असायचं. उजव्या पायाच्या मुलानं डाव्या बाजूला कसं उभं राहायचं, फॉरवर्ड अंगावर आला की बॉलकडं बघायचं की त्याच्या कमरेकडं, हे मला एका सीनियर स्टॉपरनं सांगितलं. तो दिवसा फाउंड्रीत काम करायचा. "पाय बघू नको, पाय फसवतात. कंबर बघ, कंबर खोटं बोलत नाही." ही शिकवण मला आयुष्यभर पुरली.

पाऊस असला की वस्ताद आम्हाला तालमीत घ्यायचे. त्यांनी फुटबॉलला कधी पाय लावला नव्हता. पण जोर-बैठकांची मोजदाद करायला ते समोर बसले की एकाचीही टाळाटाळ करायची हिंमत व्हायची नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत आमचा संघ कधी थकला नाही, त्याचं श्रेय मी त्या हौद्याला देतो.

पैसा नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला पेठेतून वर्गणी निघायची, त्यातून जर्सी यायच्या. सामना जिंकला की कुणीतरी मिसळ द्यायचं. बूट एकमेकांचे घालायचो. गरिबीचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. आजच्या मुलांना चांगले बूट, फिजिओ, प्रवासखर्च मिळतो, तो मिळालाच पाहिजे. मला सांगायचंय ते वेगळं आहे. अकरा खेळाडूंमागे तेव्हा आणखी वीस-पंचवीस पोरं रांगेत उभी असायची. सीनियर संघाखाली ज्युनियर, त्याच्याखाली गोलच्या पाठीमागची आमच्यासारखी चिल्लीपिल्ली. एखादा जखमी झाला, एखाद्याला नोकरी लागून तो मुंबई-पुण्याला गेला, तरी जागा रिकामी राहायची नाही. ती रांगच आमचा संघ होती.

यंदाचा शेवटचा साखळी सामना मी पायऱ्यांवर बसून पाहिला. पहिला अर्धा तास आपली पोरं चांगली खेळली. मग एक गोष्ट सतत दिसू लागली. बॉल मिळाला की मागून उंच मारायचा आणि पुढच्या परदेशी फॉरवर्डनं तो झेलायचा, एवढाच बेत. समोरच्या संघानं त्याच्यावर दोन माणसं लावली आणि आमच्याकडचं उत्तर संपलं. हाफची पोरं पुढं गेली की परतत नव्हती. मागच्या चौघांत एक जण वर आला की दुसरा खालीच राहायचा, त्यामुळे ऑफसाइडची रेषा धरताच येत नव्हती. दोन्ही गोल त्याच फटीतून झाले. लोक म्हणाले, पोरांत ईर्षा राहिली नाही. मला ते पटत नाही. ईर्षा भरपूर होती. दोन पोरं मैदानात रडत होती. नव्हती ती सवय. ते चौघं हंगामाच्या तोंडावर चार ठिकाणांहून एकत्र आले होते. त्यातले दोघं शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जातात. चौघांनी एकत्र सराव केलाय असे दिवस फार थोडे. मागची फळी एकमेकांचा श्वास ओळखण्यावर चालते, आणि ती ओळख व्हायला वर्षं लागतात.

ही वर्षं आम्ही द्यायची थांबवली, तिथं घसरण सुरू झाली. मधल्या काळात स्पर्धांची बक्षिसं वाढली, पुरस्कर्ते आले, पुढारी आले. नोंदणीच्या दिवसांत खेळाडू या तालमीतून त्या तालमीत जाऊ लागले. आफ्रिकेतून खेळाडू आले. हंगामापुरतं मानधन ठरू लागलं. हे सगळं वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या पायात कसब आहे त्याला त्याचा मोबदला मिळणं न्यायाचं आहे. आमच्याकडे आलेला एक आफ्रिकन खेळाडू मी जवळून पाहिला. भाड्याच्या खोलीत राहायचा, स्वतःचं जेवण स्वतः करायचा, मिळालेल्यातलं बरंचसं घरी पाठवायचा. डिफेंडर पाठीला चिकटलेला असताना बॉल अंगाआड कसा धरायचा, हे त्याच्याइतकं सुंदर मी आमच्या मैदानावर कुणाचं पाहिलं नाही. सरावाला तो सगळ्यांच्या आधी यायचा. पण गोलच्या पाठीमागं त्याचं बघायला लहान पोरं नव्हतीच. हंगाम संपला, तो गेला, आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली. दोष त्याचा नव्हता. घेणारे हात आम्ही उभे केले नव्हते.

सगळा पैसा अकरा जणांवर खर्च होऊ लागला तसा ज्युनियर संघ आधी दुर्लक्षित झाला, मग कागदावर राहिला. सकाळच्या सरावाला बॉल घेऊन जाणारा माणूस उरला नाही. मैदानंही आटली. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचतं, महापूर आला की नदीकडच्या सखल भागात महिनाभर चिखल राहतो, उरलेल्या दिवसांत गाड्या आणि मंडप. दहा-बारा वर्षांच्या पोरानं खेळायचं कुठं? आणि खेळायचं ठरवलं तरी स्टेडियममध्ये त्याच्या कानावर काय पडतं? मोठे प्रेक्षक आपल्याच खेळाडूच्या आईवरून बोलतात, बाटल्या फेकतात, सामना संपल्यावर दगडफेक होते, पोलीस बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नाही. माझ्या शेजारची एक आई मला म्हणाली, "भाऊजी, त्याला बॉलची आवड हाय, पण तिथं पाठवायला जीव होत न्हाई." तिला काय उत्तर द्यायचं?

हंगाम संपल्यावर तालमीत बैठक झाली. तरणी पोरं तापलेली होती. एकानं प्रस्ताव मांडला, की मोठी वर्गणी काढू, वरच्या संघांतले पाच-सहा खेळाडू उचलू, दोन परदेशी आणू आणि एका वर्षात परत वर येऊ. टाळ्या पडल्या. मी उठलो आणि विरोध केला.

मी त्यांना दोन उदाहरणं सांगितली. पहिलं मुंबईच्या महिंद्र युनायटेडचं. 2005-06 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा तो संघ. उत्तम खेळाडू, उत्तम व्यवस्था, मागे मोठा उद्योगसमूह. 2010 मध्ये कंपनीनं निर्णय घेतला आणि संघ बंद झाला. पुढच्याच वर्षी पंजाबच्या जेसीटीचं तेच झालं, आणि तो तर पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता होता. वरून आलेल्या पैशावर उभा असलेला संघ वरूनच बंद होतो. एखाद्या पुढाऱ्याच्या खिशावर उभी राहिलेली टीम तो पुढारी दुसरीकडं वळला की खाली बसणार, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातल्या धेंपोचं. राष्ट्रीय पातळीवर पाच वेळा विजेता ठरलेला क्लब. 2015 मध्ये तो आय-लीगमधून खाली गेला. पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून वर आला आणि लगेच 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्यातल्याच क्लबांबरोबर त्यानं राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. भारतीय फुटबॉलची नवी रचना त्यांना मान्य नव्हती. एवढा मोठा क्लब संपला असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. पण धेंपोनं गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळणं सोडलं नाही. तरुण गोमंतकीय पोरांना खेळवत राहिले. त्यांचाच जुना खेळाडू समीर नाईक प्रशिक्षक म्हणून त्या पोरांसोबत उभा राहिला. आणि 2024-25 च्या हंगामात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये खेळला. मधे आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत क्लब लहान मैदानांवर खेळला, पण तो स्वतःचा राहिला.

एक जण म्हणाला, "आठ वर्षं कोण थांबणार, काका?" त्याचं वय वीस-बावीस असेल. मला त्याचा राग आला नाही, त्याला आठ वर्षं म्हणजे अख्खी जवानी. मी एवढंच म्हणालो, की तू थांबू नकोस, तू खेळ. थांबायचंय ते आम्हाला, वर्गणी देणाऱ्यांना आणि पायऱ्यांवर बसून निकाल मागणाऱ्यांना.

कोल्हापूरच्या मातीत खेळाडू पिकत नाहीत, असं कुणी म्हणू नये. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये अनिकेत जाधव भारताची जर्सी घालून दिल्लीच्या मैदानात उतरला, तेव्हा हे शहर टीव्हीसमोर बसलं होतं. तो आमच्याच कोल्हापूरचा. पण त्याला लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत रोजचं, शिस्तीचं प्रशिक्षण मिळालं, हे आपण विसरतो. कौशल्य त्या वयात अंगात मुरतं. विसाव्या वर्षी दम वाढवता येतो, ताकद वाढवता येते, पण बॉल पायाशी ठेवून मान वर करायची सवय लावता येत नाही. अनिकेतसारखा एखादा पुण्यात घडला म्हणून आपण समाधान मानायचं, की आपल्या पेठेत दहा पोरांना तशी सकाळ द्यायची, हा प्रश्न मी बैठकीत विचारला.

माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं होतं. जमलेल्या वर्गणीतला ठरलेला हिस्सा आधी चौदा वर्षांखालच्या संघासाठी बाजूला काढायचा, मग सीनियरचा विचार करायचा. संघात बाहेरचे खेळाडू जरूर घ्यायचे, पण निम्म्याहून अधिक जागा पेठेत घडलेल्या पोरांच्या असतील, हा नियम लिहून तालमीच्या भिंतीवर लावायचा. आणि जुन्या खेळाडूंनी आळीपाळीनं सकाळी मैदानात यायचं. आम्ही कट्ट्यावर बसून आजच्या पोरांची उणीदुणी काढतो, त्यापेक्षा तासभर त्यांच्यापुढं बॉल टाकणं जास्त उपयोगाचं. बराच वाद झाला. दोघं उठून गेले. शेवटी पहिली आणि तिसरी गोष्ट मान्य झाली, दुसरीवर अजून भांडण चालू आहे, आणि ते मी सोडणार नाही.

आता मी सकाळी जातो. आमच्या काळातला गोलकीपर येतो, त्याचा गुडघा वाकत नाही, पण आवाज तोच आहे. पोरं येतात, कुणाच्या पायात बूट आहेत, कुणाच्या नाहीत. यंदा मुलीही येतायत, आमच्या वेळी हे कुणाच्या मनातही आलं नसतं. त्यांना मी तेच सांगतो, कंबर बघ. शेजारच्या त्या आईनंही मुलाला पाठवलंय. अट एकच घातली, की तिथं कुणी घाण बोलायचं नाही. ती अट मी सगळ्या मैदानाला लावून टाकली.

पुढच्या हंगामात आमची तालीम खालच्या गटात खेळेल. गर्दी कमी असेल, पेपरात चार ओळी येतील. तिथंही आपण हरू शकतो, कदाचित दोन-तीन वर्षं हरू. पेठेतल्या माझ्या भावांनो, तरीही सामन्याला या. मोठ्या सामन्याला येता तसेच, घरच्या लेकरांना घेऊन या. आणि मागच्या फळीतल्या पोरानं चूक केली तर शिवी देऊ नका, त्याचं नाव घेऊन त्याला धीर द्या. त्याचं नाव तुम्हाला माहीत असेल, कारण तो तुमच्याच गल्लीतला असेल. तसा संघ पुन्हा उभा करायला मी उरलेली उमेद खर्च करायला तयार आहे.