चारणाद्रीची वाट आणि अनवाणी पाऊल

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर आहे. दौलताबादचा किल्ला मागे पडतो, घाट चढून खुलताबाद येते आणि पुढच्या उतारावर लेण्यांचा डोंगर सामोरा येतो. बहुतेक प्रवासी कैलास लेणे पाहून परततात. तेथून उत्तरेला किलोमीटरभराहून अधिक अंतरावर ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आहेत. छोटा कैलास, इंद्रसभा, जगन्नाथसभा ही नावे समाजातील प्रत्येक घराला परिचित आहेत. इंद्रसभेत बाहुबलींच्या मूर्तीपुढे क्षणभर थांबले, की दृष्टी प्रथम त्यांच्या पायांकडे जाते. वर्षभर निश्चल उभ्या राहिलेल्या त्या पायांवर वेली चढल्या आहेत.

या लेण्यांच्या माथ्यावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तेथील शिलालेख शके ११५६चा, म्हणजे इ.स. १२३५च्या सुमाराचा आहे. वर्धनपूरच्या घराण्यातील चक्रेश्वर या दानशूर श्रावकाने येथे जिनबिंबे घडवून या डोंगराला तीर्थ केले, असे त्यात म्हटले आहे. लेखात डोंगराचे नाव आहे चारणाद्री, अर्थात चारणमुनींचा वावर असलेला पर्वत. भूमीला स्पर्श न करता, कोणत्याही जीवाला बाधा न होऊ देता संचार करण्याची ऋद्धी ज्यांना प्राप्त झाली, ते चारणमुनी. सामान्य माणसाचे पाऊल मात्र भूमीवरच पडते, आणि ते कधी कधी दुखतेही.

शहरातील एका गृहस्थांना याचा अनुभव साठीनंतर आला. विद्यापीठ परिसराजवळच्या गोगाबाबा टेकडीवर पहाटे धावण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. मुरमाड वाट, सुटे दगड आणि चढ-उतार त्यांच्या अंगवळणी पडले होते. कार्तिकी पौर्णिमेला कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या यात्रेस शहरातून अनेक भाविक पायी जातात. यंदा ती वाट अनवाणी चालण्याचे त्यांनी मनाशी योजले होते. त्याच सुमारास उजवी टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल खिळा रुतावा तसे दुखे. थोडे चालले की वेदना ओसरे आणि दीर्घ बैठकीनंतर पुन्हा उठे.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. त्यावर वारंवार ताण पडला, पोटऱ्या आखडल्या, वजन वाढले किंवा चालणे-धावणे एकाएकी वाढवले, की तो टाचेपाशी दुखू लागतो.

सोबत धावणाऱ्या एका तरुणाने त्यांना पातळ तळाचे बूट सुचवले. अशा बुटांत टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहतात, तळ हाताने सहज वाकतो आणि बोटांना पसरायला जागा मिळते. कापड व रबराचे, चामड्याचा अंश नसलेले बूट मिळाल्यामुळे त्यांच्या मनातील एक शंकाही मिटली. त्यांनी पहिल्याच दिवशी ते घालून टेकडीची नेहमीची पूर्ण फेरी धावली. चौथ्या दिवशी पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, चवडा सुजला आणि टाचेचे दुखणे होते तेथेच राहिले. पुढचे सहा आठवडे टेकडी लांबूनच पाहावी लागली.

दोष सर्वस्वी बुटांचा नव्हता. २०१० मध्ये डॅनियल लीबरमन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाचेला बसणारा पहिला धक्का टाळतात. परंतु तो भार नाहीसा होत नाही. तो चवड्याकडे आणि पोटरीकडे जातो. २०१३च्या एका अमेरिकी अभ्यासात दहा आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या अनेक धावपटूंच्या पायाच्या हाडांत सूज आढळली. २०१४ मध्ये तर पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आरोग्यलाभाच्या दाव्यांवरून झालेला खटला ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला. दुसरी बाजूही आहे. राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये २३०० भारतीय मुलांचे पाय तपासले, तेव्हा पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के आढळले. बालपणापासून मोकळा राहिलेला पाय बळकट होतो. साठ वर्षे जाड तळावर विसावलेल्या पायाकडून आठवड्यात तेवढ्या बळाची अपेक्षा करता येत नाही.

भौतिकोपचारतज्ज्ञांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. रोज पोटरीला ताण द्यावा आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली कराव्यात. पातळ बूट प्रथम घरात दहा मिनिटे, मग सपाट वाटेवर, आणि दुखणे वाढले नाही तरच पुढे. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी मात्र अनवाणी चालण्याच्या वाटेस जाऊच नये, ही सूचना त्यांनी आवर्जून दिली. लहानशी जखमही अशा पायाला कळत नाही आणि चिघळते.

चार महिन्यांनी ते गृहस्थ चारणाद्रीच्या पायथ्याशी आले, ते धावण्यासाठी नव्हे. पातळ तळाचे बूट घालून ते सावकाश चढले. पायाखालचा खडा कळत होता, म्हणून नजर आपोआप चार हात पुढच्या भूमीवर राहत होती. वाटेवर मुंग्यांची रांग आडवी आली, तेव्हा पाऊल वेळेवर थांबले. जाड तळाच्या बुटांतून टेकडी धावताना अशा कित्येक रांगा न दिसता मागे पडल्या असतील. ईर्यासमिती प्रवचनात अनेकदा ऐकली होती. ती पायाला त्या दिवशी उमगली. वर मंदिरापाशी बूट काढले. काळा पाषाण सकाळच्या उन्हात कोमट झाला होता. टाच किंचित दुखत होती, पण सोसवत होती.

विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या अनवाणी पावलांमागे वर्षानुवर्षांची साधना आहे. एका हंगामात त्यांची बरोबरी करू पाहणे ही भक्ती नव्हे, उतावीळ आहे. सोळा कारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या आधी ‘शक्तितः’ हा शब्द आला आहे. शक्ती लपवू नये, तसेच तिच्या पलीकडे जाऊन देह मोडूही नये, हा त्याचा अर्थ.

कार्तिकी पौर्णिमेला ते गृहस्थ कचनेरला पायीच गेले. बहुतेक वाट त्यांनी साध्या, मऊ तळाच्या बुटांत चालली. मंदिराचे शिखर दिसू लागल्यावर बूट पिशवीत ठेवले आणि उरलेली वाट अनवाणी पूर्ण केली. पुढच्या वर्षी हे अंतर थोडे वाढेल, किंवा तेवढेच राहील. पाय सांगेल तसे.