जुन्या पिढीचा लॅपटॉप

विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आणि आमच्या २०१६ सालच्या लॅपटॉपचा प्रश्न घरांत उभा राहिला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा लागतो, आमचा सहाव्या. यंत्रांतहि पिढ्या मोजतात हें पाहून मौज वाटली. (आमच्या वयाच्या माणसाची सहानुभूति अर्थातच जुन्या पिढीकडे!) चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवाच घ्या." पण कळफलक झिजलेला नाहीं, पडदा स्वच्छ आहे, अशा सेवकास घालवावें कसें? आम्हीं लिनक्स मिंट घालण्याचें ठरविलें.

खरी चिंता टिपणांची होती. युनिकोडपूर्व फॉन्टमध्यें टंकलेलें मराठी म्हणजे मुखवटे चढविलेलीं रोमन अक्षरेंच. फॉन्ट नसला कीं तुकारामांवरील व्याख्यानाची निव्वळ एबीसीडीची खिचडी होते. म्हणून प्रत्येक फाइल आधीं युनिकोडमध्यें उतरविली, तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेविली. या रूपांतरांत जोडाक्षरें आणि रफार फार विस्कटतात; तीं हातानें सांवरण्यांत आमच्या तीन रात्री गेल्या. प्रत्यक्ष मिंट घालण्यास तासहि लागला नाहीं. लॅपटॉप आतां उत्तम चालतो. परवां मात्र एका पानावर 'अर्थ'चा 'अथ' झालेला सांपडला.