बावला खून खटला : हात सापडले, हेतू निसटला

१) १२ जानेवारी १९२५ची संध्याकाळ. मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने अडवली. बावलांवर गोळ्या झाडण्यात आल्या. सोबतच्या मुमताज बेगम यांच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार झाले.

२) गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे पोहोचले आणि हल्लेखोरांना भिडले. एकाने तर गोल्फची काठीच हत्यार म्हणून वापरली. हल्लेखोरांपैकी काही जण जागीच पकडले गेले. बावलांचा प्राण गेला. मुमताज मात्र साक्ष देण्यासाठी वाचल्या.

३) लुटारू ऐवज घेऊन पळतो, स्त्रीचा चेहरा विद्रूप करून तिला पळवू पाहत नाही. मुमताज अनेक वर्षे इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयाला होत्या आणि तेथून निघून आल्या होत्या. आपल्या नवजात मुलीला इंदुरात मारण्यात आले, असा त्यांचा आरोप होता.

४) मुंबई उच्च न्यायालयात न्या. क्रम्प यांच्यासमोर नऊ आरोपी उभे राहिले. त्यांत इंदूरच्या सैन्यातील वरिष्ठ अधिकारी आनंदराव फणसे होते. त्यांचा बचाव बॅ. जिना यांनी केला. फणसे यांना जन्मठेप झाली. तिघांना फाशी सुनावली गेली. त्यांपैकी शफी अहमद आणि शामराव दिघे फासावर गेले.

५) तरीही मूळ प्रश्न उरतोच. या माणसांचे बावलांशी स्वतःचे वैर असे काय होते? हात त्यांचे होते. हेतू मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा, हे उघड दिसत होते.

६) संस्थानिकावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या न्यायालयात खटला चालत नसे. सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या : चौकशी आयोगाला सामोरे जाणे किंवा गादी सोडणे. फेब्रुवारी १९२६मध्ये तुकोजीरावांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.

७) येथून दोन मते निघतात. एक म्हणते, गादी सोडणे हीच कबुली. दुसरे म्हणते, इंग्रजांनी एका संस्थानिकाला नमवण्याची संधी साधली. दोन्ही निष्कर्ष उतावळे आहेत. परक्या आयोगापुढे उभे राहणे निर्दोष राजालाही मानहानीचे वाटू शकते. उलट, सरकारचा स्वार्थ सिद्ध झाला म्हणून इंदूरच्या अधिकाऱ्यांचा सहभाग खोटा ठरत नाही.

८) ‘तिला परत आणा’ आणि ‘त्याला मारा’ हे दोन वेगळे हुकूम आहेत. धन्याची नाराजी ओळखणारा सेवक पहिल्यातच दुसरा ऐकतो. म्हणून हेतूचा माग इंदूर दरबारापर्यंत जातो, एवढे म्हणणे न्याय्य आहे. महाराजांनी खुनाचा हुकूम दिला, हे मात्र कोणत्याही न्यायासनापुढे सिद्ध झालेले नाही.

९) ही तडजोड दोन्ही सत्तांच्या सोयीची होती. महाराजांना उलटतपासणीला तोंड द्यावे लागले नाही आणि सरकारला सुनावणीशिवाय गादी रिकामी करून मिळाली. ज्या नात्यातून हा खून घडला, त्याविषयी भर न्यायालयात प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली ती त्यातल्या एकाच व्यक्तीला : चेहऱ्यावर जखमा घेऊन उभ्या असलेल्या मुमताज बेगम यांना.