कोपऱ्यावरची भिंत

गेल्या रविवारी मी माझ्या घराचं वॉल कंपाउंड पाडलं. सगळं नाही, कोपऱ्याकडचं. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, "काहून भाऊ, मनपाची नोटीस आली का?" नोटीस-बिटीस काही नाही. वीस वर्षं बातम्यांमधून दुसऱ्यांची अतिक्रमणं मोजली, स्वतःची भिंत मात्र कधी मोजली नव्हती. ती मोजली, म्हणून पाडली. मित्रहो, आज तेवढंच सांगतो.

अमरावतीत आमच्या ले-आऊटमध्ये माझा प्लॉट कोपऱ्याचा. 30 बाय 50. कोपऱ्याचा म्हणून भाव जास्त मोजला होता. दोन बाजूंनी रस्ता, म्हणजे चोर, डुकरं आणि मोकाट कुत्री यायलाही दोन बाजू, असा आमचा हिशेब. 2021 मध्ये घर बांधलं तेव्हा मिस्त्रीला सांगितलं, "उंच घे." साडेसहा फूट भरीव विटांची भिंत उभी राहिली, वर काचा. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने तिचं कौतुक केलं. मंजूर नकाशा कपाटात होता. तो उघडून पाहावा असं मला वाटलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कोपऱ्यावर आवाज झाला. ट्यूशनवरून सायकलने येणारी सातवीतली पोरगी आणि दुसऱ्या रस्त्याने येणारा मोटरसायकलवाला पोरगा, माझ्या भिंतीच्या टोकाशी दोघं एकमेकांवर आदळले. पोरीचा हात मोडला. मीच तिला दवाखान्यात नेलं. जमलेले लोक मोटरसायकलवाल्याला शिव्या देत होते. खरं सांगतो, मीही दिल्या.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या आजोबांना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला. मग आवाज न चढवता म्हणाले, "त्या पोराले तरी काय दिसन भाऊ, मधात तुमची भिंत हाय ना."

मी काही बोललो नाही. घरी आलो. पुढचे तीन महिनेही काही केलं नाही. दुसऱ्या कोणाची भिंत असती तर त्याच रात्री फोटोसकट बातमी लावली असती.

शेवटी नियम काढून वाचला. डिसेंबर 2020 मध्ये राज्याने बहुतेक शहरांसाठी एकच नियमावली आणली, एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिका तिच्यात येतात. त्यात कंपाउंडबद्दल अगदी सरळ लिहिलंय. भरीव भिंत जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. 2.4 मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचे 0.9 मीटर, म्हणजे तीनेक फूट, जाळीचे किंवा रेलिंगचे हवेत. कोपऱ्याच्या प्लॉटला वेगळा नियम: जिथे दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंनी 10 मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त पाऊण मीटर. अडीच फूट! त्यावर लागलंच तर आणखी पाऊण मीटर, पण आरपार दिसेल असं.

माझ्या प्लॉटची पुढची बाजूच 30 फूट. म्हणजे पुढची अख्खी भिंत आणि बाजूची 33 फूट नियमात बसत नव्हती. अडीच फुटांवरून सायकलवरच्या पोरीचं डोकं दिसतं. साडेसहा फुटांवरून काहीच दिसत नाही. हे कळायला इंजिनिअर लागत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त खटकली ती गोष्ट म्हणजे उंची मोजायची कुठून? आपल्या अंगणातून नाही, समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून. जागा माझी, विटा माझ्या, पैसा माझा, पण माप रस्त्याचं. मी आजवर ही भिंत आतूनच पाहत होतो.

घरात विषय काढला तर बायको म्हणाली, "नियम ठीक आहे, पण दुपारी मी एकटी असते. रस्त्यावरून सगळं घर दिसेल, त्याचं काय?" तिचं म्हणणं खोटं नाही. अकोल्यात माझं बालपण मेंदीच्या कुंपणामागे गेलं. त्या कुंपणावरून विरजण, कढीपत्ता, भांडणं सगळं इकडून तिकडे जायचं. शेजाऱ्यांच्या बकऱ्याही यायच्या, आणि आईला अंगणात क्षणभर एकांत नसायचा. जुनं तेवढं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. शेवटी ठरलं असं: कोपऱ्याकडे अडीच फूट भिंत, वर लोखंडी रेलिंग. त्यावर वेल चढवायचा नाही, नाहीतर पुन्हा भिंतच. कपडे वाळत घालायची दोरी मागच्या बाजूला. त्या उरलेल्या सतरा फुटांत नियमाने पाच फूट भरीव आणि वर जाळी चालते.

मिस्त्री हातोडा घेऊन आला आणि हसला. "साहेब, लोक भिंत चढवाले बलावतात. उतरवाले तुमीच पयले."

शेजारचे काका म्हणाले, "तुमच्या एका भिंतीनं काय होते? अख्ख्या ले-आऊटात पाहा." पाहिलं. कुठे फाटक बाहेर रस्त्यावर उघडतं, कुठे गाडी चढवायचा उतार नालीवर. भरीव भिंतींनी पावसाचं पाणी अडतं, आणि आपली काळी माती ओलीने फुगते, उन्हाने आक्रसते. पाया उथळ असला की उंच भिंत दोन-तीन पावसाळ्यांत तडकते, झुकते. आमच्या गल्लीत अशा झुकलेल्या भिंतींखाली पोरं क्रिकेट खेळतात.

भीतीपोटी भिंत बांधणं अमरावतीला नवीन नाही. आपला परकोट निजामाच्या राजवटीत 1807 मध्ये बांधायला घेतला, तो पेंढाऱ्यांच्या भीतीने. वीस फुटांहून उंच दगडी भिंत, सव्वादोन मैलांचा घेर. पण जीव मुठीत धरून बांधलेल्या त्या भिंतीलाही पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या होत्या. आजही आपण पत्ता सांगतो तो जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट असाच. मी पेंढारी नसलेल्या काळात भिंत बांधली आणि कोपऱ्यावर बोटभर फटही ठेवली नाही.

पोरीचा हात आता बरा आहे. परवा ती सायकलवरून गेली, रेलिंगमधून मला दिसली. मी तिला दिसलो की नाही, माहीत नाही.

तुमचा प्लॉट कोपऱ्याचा असेल तर एक काम करा. कपाटातला नकाशा काढा. टेप घ्या, रस्त्याच्या मध्यापासून उंची धरा आणि भिंत मोजा. शेजाऱ्याची नको, आधी आपली.